वरंध घाट बंद झाला म्हणून करारातून सुटका होते का?

भोरहून महाडला जाणाऱ्या वरंध घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात, वाहतूक बंद ठेवण्याचे आदेश निघतात. समजा, भोरच्या एका व्यापाऱ्याने जुलैमध्ये महाडला इंद्रायणी तांदूळ पोहोचवायचा करार केला आणि घाट बंद झाला. 'निसर्गापुढे कोणाचं काय चालतं?' असं म्हणून त्याला हात वर करता येतील?

बहुतेक वेळा नाही.

अशा संकटांसाठी करारात 'फोर्स मेज्योर' कलम टाकतात. शब्द फ्रेंच आहे. अर्थ, आपल्या आवाक्याबाहेरची ताकद. पूर, भूकंप, युद्ध, साथ अशी यादी त्यात असते आणि त्यात बसणारी घटना घडली, तर करारात लिहिल्याप्रमाणे मुदतवाढ किंवा सुटका मिळते. असं कलमच नसेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५६ आहे. करारानंतर काम करणंच अशक्य झालं, तर करार रद्द होतो.

सगळी मेख 'अशक्य' या शब्दात आहे. ताम्हिणीमार्गे ट्रक जात असेल, तर डिझेल जास्त लागेल, नफाही जाईल, पण काम अशक्य नाही. १९५६ मध्ये सुएझ कालवा बंद झाल्यावर सुदानहून हॅम्बुर्गला शेंगदाणे पाठवणाऱ्या विक्रेत्यांनी हेच कारण दिलं होतं. आफ्रिकेला वळसा घालून माल नेता आला असता, असं म्हणत ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने ते फेटाळलं. इंडोनेशियाचा कोळसा महागला, हे कारण आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये मानलं नाही.

शिवाय दर पावसाळ्यात धोक्याचा ठरणारा घाट अनपेक्षित कसा म्हणायचा? १२ जुलै १९६१ ला वेल्ह्यातलं पानशेत धरण फुटलं, तशी घटना वेगळी.

लॉकडाऊनमध्येही सरसकट सूट नव्हती. एप्रिल २०२० मध्ये काही पोलाद आयातदारांनी बँकेमार्फत होणारं पेमेंट थांबवण्याची मागणी केली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. लॉकडाऊन ठरावीक काळापुरता आहे, हे त्यामागचं एक कारण होतं.

आणि लग्नाच्या हॉलचा ॲडव्हान्स? करार कलम ५६ खाली रद्द झाला, तर कलम ६५ प्रमाणे घेतलेला लाभ परत करावा लागतो. मात्र 'तारीख पुढे ढकलू, पैसे परत मिळणार नाहीत' अशी अट तुम्ही सही केलेल्या बुकिंग फॉर्मवर असेल, तर वाद आधी त्या अटीवरून होतो.