गिरिभ्रमणातील चूल : समूहासाठी स्टोव्हची निवड आणि वापर

गेल्या काही वर्षांत इंदूरच्या आपल्या मराठी वैद्यकीय वर्तुळात पदभ्रमणाची आवड चांगलीच रुजली आहे. पचमढीपासून सुरू झालेली पावले सह्याद्रीमार्गे आता हिमाचल आणि उत्तराखंडापर्यंत पोहोचली आहेत. निघण्यापूर्वी बूट, पाठपिशव्या आणि लोकरीचे कपडे यांवर भरपूर चर्चा होते. परंतु दहा-बारा माणसांना दोन वेळचे गरम अन्न व निर्धोक पाणी ज्या साधनावर मिळावयाचे, त्या स्टोव्हचा विचार बहुधा शेवटच्या दिवशी होतो. आमच्या गटात स्वयंपाकाची व्यवस्था बरीच वर्षे माझ्याकडे असल्याने या विषयाची शास्त्रीय बाजू व काही अनुभव येथे मांडत आहे.

तीन दगडांची चूल का नको?

रानात लाकूडफाटा गोळा करून चूल पेटविण्यात गंमत आहे, हे मान्य. परंतु वृक्षरेषेच्या वर लाकूड नसते, खाली असलेले पावसात पेटत नाही आणि एका मुक्कामासाठी तोडलेली झुडपे थंड प्रदेशात पुन्हा वाढावयास अनेक वर्षे लागतात. शिवाय अभयारण्यास धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटविण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३० नुसार मनाई आहे. स्टोव्ह वापरावयाचा असला तरी वनखात्याची पूर्वपरवानगी घ्यावी, हे उत्तम.

उंची आणि उत्कलनबिंदू

आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. येथे पाणी साधारण ९८ अंश सेल्सिअसला उकळते. ३००० मीटरवर तेच ९० अंशाला, ४००० मीटरवर सुमारे ८७ अंशाला आणि ५००० मीटरवर ८३ अंशाच्या आसपास उकळते. म्हणूनच पर्वतावर उघड्या पातेल्यातील तूरडाळ तासभर खळखळली तरी शिजत नाही. ज्योत मोठी केल्याने पाण्याचे तापमान वाढत नाही, केवळ इंधन संपते. यावर खरा उपाय प्रेशर कुकरचा. शिटीच्या वजनाने आतील दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एका वातावरणाने वाढतो. त्यामुळे ४००० मीटरवरही आत ११० अंशांहून अधिक तापमान मिळते. सहा-सात जणांहून मोठ्या गटाने कुकरचे ओझे आनंदाने वाहावे. वाचलेल्या इंधनात त्याची भरपाई होते.

पिण्याच्या पाण्याबाबत मात्र दिलासा आहे. ८५ अंशांपलीकडे रोगजंतू फार काळ तग धरीत नाहीत. पाणी चांगले खळखळल्यावर एक मिनिट, आणि २००० मीटरच्या वर तीन मिनिटे उकळणे पुरेसे आहे. दहा-पंधरा मिनिटे आटविणे हा इंधनाचा अपव्यय होय. बर्फ वितळवून पाणी करावयाचे असेल तर ध्यानी ठेवावे, की शून्य अंशाचा बर्फ नुसता वितळविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. वाहता झरा जवळ असलेला मुक्काम म्हणूनच स्वस्त पडतो.

रॉकेल की वायू?

स्वीडनच्या लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये प्रायमस स्टोव्ह आणला आणि काजळी न धरणारी निळी ज्योत घरोघरी पोहोचली. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही प्रायमसच होता. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातील फरफर करणारा पितळी स्टोव्ह याच कुळातला. टाकीत हवा भरल्याने रॉकेल वर चढते, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते व ती जळते. आरंभी स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा लावून बर्नर तापवावा लागतो तो एवढ्याचसाठी. थंडीत हा स्टोव्ह रुसत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र पिन, वॉशर आणि काकडा यांची जोडी सामानात हवीच. रॉकेल आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही, हेही लक्षात घ्यावे.

वायूच्या हलक्या डबीवर बसणारे स्टोव्ह सोयीचे, स्वच्छ आणि तात्काळ पेटणारे. परंतु डबीवर लिहिलेले मिश्रण वाचूनच खरेदी करावी. साधा ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली वायुरूप होणे थांबवितो. आयसोब्यूटेन उणे १२ अंशांपर्यंत आणि प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत साथ देतो. शिवाय वायू बाहेर पडताना डबी स्वतःच थंड होत जाते. म्हणून थंड प्रदेशासाठी आयसोब्यूटेन-प्रोपेनचे मिश्रण घ्यावे आणि रात्री डबी झोपण्याच्या पिशवीत ठेवावी. वाऱ्यापासून आडोसा करताना डबीला चहूबाजूंनी पत्र्याने वेढू नये; ती तापून फुटू शकते. हे स्टोव्ह तीन-चार जणांना पुरेसे. बारा जणांचे मोठे पातेले अशा चिमुकल्या आधारावर ठेवणे म्हणजे उकळते पाणी कुणाच्या तरी पायावर ओतण्याची तयारी करणे. मोठ्या गटासाठी रुंद बैठकीचा रॉकेलचा स्टोव्ह, किंवा खेचरावर सामान जाणार असल्यास पाच किलोची एलपीजी टाकी व शेगडी योग्य.

इंधन किती न्यावे?

बारा जण, माणशी तीन लिटर पाणी चहा, अन्न व पिण्यासाठी धरले तर दिवसाला ३६ लिटर होते. पाच अंशांवरचे पाणी ९० अंशांपर्यंत नेण्यास प्रतिलिटर सुमारे ३५५ किलोज्यूल उष्णता लागते. स्टोव्हची निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते हे गृहीत धरून हिशेब केला, तर दिवसाला सुमारे एक लिटर रॉकेल किंवा ७०० ग्रॅम एलपीजी लागते. शिजविण्यासाठी व वाऱ्यासाठी त्यात पाव हिस्सा वाढवावा. म्हणजे पाच किलोची टाकी साधारण पाच ते सहा दिवस पुरते. पातेल्यावर झाकण ठेवणे आणि डाळ-तांदूळ आधी भिजविणे, ही बचत आपल्या घरातल्या गृहिणींना शिकवावी लागत नाही, आपल्यालाच लागते.

हे इंधन घरून नेण्याचा विचार मात्र करू नये. भरलेली टाकी, डबी अथवा रॉकेल रेल्वेच्या डब्यातून नेणे रेल्वे अधिनियम १९८९ नुसार दंडनीय आहे. विमानातही वायूच्या डब्या चालत नाहीत. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात लपवून आणलेल्या गॅस टाकीमुळे आग लागली आणि नऊ जण प्राणास मुकले. स्टोव्ह न्यावा, इंधन पायथ्याच्या गावी घ्यावे.

तंबूतील अदृश्य शत्रू

आता आपल्या व्यवसायाशी निगडित मुद्दा. बंद जागेत ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याची हिमोग्लोबिनशी आसक्ती प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक. डोकेदुखी, मळमळ, थकवा, गोंधळ ही लक्षणे उंचीवरील विकाराच्या लक्षणांशी तंतोतंत जुळतात. आणि खरा धोका येथेच आहे. पल्स ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइडने बांधलेले हिमोग्लोबिन प्राणवायूयुक्तच भासते.

एका हिमालयीन मुक्कामी, सुमारे ३७०० मीटरवर, आमच्या स्वयंपाक्याने थंड वाऱ्यामुळे तंबूचे दार बंद करून दोन स्टोव्ह चालविले होते. भांडी आवरणाऱ्या तरुण सहकाऱ्यास तीव्र डोकेदुखी व उलटी झाली. आम्हा सर्वांचे आकडे ८६ ते ९० च्या दरम्यान असताना त्याचा मात्र ९५ होता. सर्वांत आजारी माणसाचा आकडा सर्वांत चांगला, ही विसंगती पाहून त्याला तत्काळ मोकळ्या हवेत नेऊन प्राणवायू दिला. काही तासांत तो सावरला. निव्वळ हवेवर हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायूवर साधारण तासा-दीड तासात. एक प्रश्न नेहमी विचारावा : त्रास होणारी व्यक्ती शेवटी कोठे बसली होती? शंका असल्यास प्राणवायू द्यावा, आणि उंचीचा विकार नाकारता येत नसेल तर खालीही उतरवावे. दोन्ही उपचार परस्परांच्या आड येत नाहीत.

भाजण्याचा धोकाही विसरू नये. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे शब्द आपल्या पिढीने केसपेपरवर असंख्य वेळा लिहिले. त्यांतील सारेच भडके अपघाती नव्हते, पण जे खरोखर अपघात होते त्यांतील कित्येक गरम स्टोव्हमध्ये रॉकेल ओतल्याने झाले होते. म्हणून स्टोव्ह विझवून, चावी सैल करून, पूर्ण थंड झाल्यावरच इंधन भरावे. स्वयंपाक उघड्यावर, अथवा दोन्ही दारे उघडी असलेल्या तंबूत करावा. झोपण्याच्या तंबूत ऊब मिळावी म्हणून स्टोव्ह कदापि लावू नये. प्रत्येक गटाने एक व्यक्ती स्टोव्हप्रमुख नेमावी आणि निघण्यापूर्वी घराच्या अंगणात एकदा पूर्ण जेवण त्याच स्टोव्हवर रांधून पाहावे. वॉशर गळतो की नाही, हे इंदुरात कळलेले बरे. दुरुस्ती करणारा कारागीर येथे हाकेच्या अंतरावर असतो.