अर्थशास्त्राच्या एका प्रश्नाचें उत्तर

विकसनशील अर्थव्यवस्थेंतील तीन क्षेत्रांवर प्रश्न आला म्हणजे पुष्कळ विद्यार्थी पाठ केलेल्या तीन व्याख्या उतरवितात आणि ‘शेती हा देशाचा कणा आहे’ असें लिहून लेखणी खालीं ठेवितात. उत्तरपत्रिका तपासतांना हें वाक्य आम्हांस इतक्या वेळां भेटतें कीं, त्यास गुण कशाबद्दल द्यावे हें समजेनासें होतें.

व्याख्या हव्यातच, उदाहरण मात्र आपल्या जिल्ह्यांतलें असावें. खामगांवचा कापूसच घ्या. त्या बाजारासाठीं जलंबपासून आगगाडीचा खास फांटा काढण्यांत आला व तो १८७० सालीं सुरू झाला. शेतांत कापूस पिकला, वेचला, तें प्राथमिक क्षेत्र. जिनिंगमध्यें सरकी निराळी झाली, रुईच्या गाठी बांधल्या गेल्या, तें द्वितीयक. आडत्या, हमाल, बँक, मालमोटार व रेल्वे हें तृतीयक. शेगांवच्या यात्रेकरूंवर चालणारीं उपाहारगृहेंही याच शेवटच्या वर्गांत येतात. आतां जिनिंगांतील कारकून कोठें घालावा? तो लेखणी चालवितो म्हणून त्यास तृतीयकांत घालणारे पुष्कळ. परंतु गणना उद्योगावरून होते, हातांतील साधनावरून नव्हे. तो द्वितीयकांतच मोडतो. फिशर (१९३५) व कोलिन क्लार्क (१९४०) यांनीं रूढ केलेल्या या विभागणीचा उल्लेख एका ओळींत पुरे.

खरें उत्तर यापुढें आहे. २०२३-२४ सालीं देशांतील कामकऱ्यांपैकीं सुमारें ४६ टक्के शेतींत होते. एकूण मूल्यवर्धनांत शेतीचा वांटा मात्र सुमारें १८ टक्केच होता. हे दोन आंकडे शेजारीं मांडून विद्यार्थ्यानें भागाकार करावा. शेतींतील एका माणसामागें पडणारें उत्पन्न इतर क्षेत्रांतील माणसाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकें भरतें! मग कारणें लिहावीं: पावसावरील कोरडवाहू जमीन, वांटण्या होऊन लहान झालेले तुकडे, आणि कारखाने पुरेसे न वाढल्यामुळें त्याच तुकड्यावर राबणारे जादा हात. दोघांचें काम चौघे करितात, त्या स्थितीस प्रच्छन्न बेकारी म्हणतात. हा शब्द सोयाबीनच्या सोंगणीस घरचीं सगळीं माणसें कां लागतात, पण उन्हाळ्यांत त्यांस काम कां नसतें, हें आठवून वापरावा.

पालकांसही एक विनंति. मुलानें बियाणें, खत, मजुरी व बाजारभाव यांचा हिशेब विचारला, तर ‘तुला काय करावयाचें आहे?’ असें म्हणून त्यास उठवूं नये. गेल्या हंगामाची वही त्याच्यापुढें उघडावी व बेरीज त्यालाच करूं द्यावी.