ना सभासद, ना निधी, ना नियम

मुंबईत फॅक्टरी कायद्याचा अंमल कसा चालला आहे, याबद्दलचा १८९२ सालचा एक सरकारी अहवाल आहे. असल्या जुन्या अहवालांचा मला बरीच वर्षे नाद आहे. यंत्रांना कठडे आहेत का, पोरांची वये तपासली का, खटले किती आणि दंड किती, असा सगळा रुक्ष मजकूर. त्यातच नारायण मेघाजी लोखंडे यांच्या मिल हँड्स असोसिएशनबद्दल चार वाक्ये येतात. त्यांचा आशय असा : ही काही संघटित युनियन नव्हे, तिच्याकडे सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, जो गिरणी कामगार येईल त्याला लोखंडे स्वेच्छेने सल्ला देतात, इतकेच.

कामगार चळवळीवर लिहिणाऱ्यांनी हा उतारा वारंवार वापरला आहे, आणि बहुतेकांनी तो लोखंडे यांची मर्यादा दाखवायला वापरला. मला तो उलट सरकारी यंत्रणेविरुद्धची साक्ष वाटतो. फॅक्टरी कायदा येऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. कायद्याने तपासनीस नेमले होते, वय ठरवणारे डॉक्टर नेमले होते. तरीही पट्ट्यात हात सापडलेला माणूस ज्याच्याकडे ना निधी ना नियम अशा एका गृहस्थाकडे जात असेल, तर उणीव नेमकी कुणाची होती?

त्याआधीची कथा ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. कापूस खात्याचे मेजर मूर यांनी १८७२-७३ च्या अहवालात गिरण्यांमधल्या स्थितीकडे बोट दाखवले. विलायतेत लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी १८७५ मध्ये हा प्रश्न उमरावांच्या सभागृहात नेला. त्याच वर्षी मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्याच वर्षी मुंबईच्या गिरणीमालकांनी आपली संघटना स्थापन केली. आयोगाचे अध्यक्ष होते मुंबईचे कलेक्टर एफ. एफ. अर्बथनॉट, रिचर्ड बर्टनसोबत कामसूत्राचे इंग्रजी भाषांतर काढणारे तेच हे गृहस्थ. आयोगात गिरणीवाल्यांचा भरणा होता. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालणारे काम, दुपारची जेमतेम सुट्टी, यंत्रांवर राबणारी लहान पोरे, हे सारे साक्षींतून पुढे आले. तरी बहुमताचा कौल पडला, की कायद्याची गरज नाही. कायदा हवा म्हणणारे दोघेच : खुद्द अर्बथनॉट आणि डॉ. थॉमस ब्लेनी.

या वादात आपल्या लोकांनी घेतलेली बाजू आठवली की आजही खंत वाटते. कायद्यामागे मँचेस्टरच्या कापडवाल्यांचा स्वार्थ होता, हे खरेच. मुंबईचे सूत आणि कापड त्यांना खुपत होते. पण तेवढ्यावरून देशी वृत्तपत्रांनी सारा प्रश्नच झिडकारला. पुण्याच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांचाही अशा कायद्याला विरोधच होता. कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने तर सप्टेंबर १८७५ मध्ये उघड लिहिले, की हा उगवता उद्योग कोसळण्यापेक्षा कामगारांत मृत्यूचे प्रमाण वाढलेले परवडले. ज्यांच्या मरणाचा हिशेब मांडला जात होता, त्यांना विचारावे असे कुणालाच सुचले नाही. अपवाद सोराबजी शापुरजी बंगाली यांचा. त्यांनी १८७८ मध्ये स्वतः विधेयकाचा मसुदा तयार केला. मुंबईच्या कायदेमंडळात तो मांडायला परवानगी मिळाली नाही, तेव्हा त्यांनी तो वर्तमानपत्रांत छापला आणि विलायतेला धाडला.

अखेर १८८१ मध्ये हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा झाला. शंभर किंवा अधिक माणसे आणि यांत्रिक शक्ती असलेल्या कारखान्यांपुरताच तो होता. सात वर्षांखालील मुलाला कामावर घ्यायचे नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांहून अधिक राबवायचे नाही. धोक्याच्या यंत्राला कठडा घालायचा. अपघात झाला तर कळवायचा. प्रौढ पुरुष आणि बाया यांच्या तासांविषयी चकार शब्द नव्हता. तपासणीची तऱ्हाही बघण्यासारखी. वेगळा तपासनीस नेमला नसेल तेथे जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट हाच पदसिद्ध तपासनीस. महसूल, दंगे, दुष्काळ सांभाळून उरलेल्या वेळात त्याने गिरणीच्या पट्ट्यांना कठडे आहेत का ते पाहायचे! पुढे विलायतेहून मीड-किंग नावाचा अनुभवी फॅक्टरी तपासनीस काही काळासाठी मुंबईत आणला गेला. त्याने १८८२ मध्ये अहवाल दिला आणि कायदा तोकडा असल्याचे सांगून दुरुस्त्या सुचवल्या. त्यावर विचार करायला १८८४ मध्ये आणखी एक आयोग बसला. अध्यक्ष, पुन्हा मुंबईचे कलेक्टर : मुलॉक.

लोखंडे रिंगणात उतरतात ते या वेळी. १८४८ मध्ये ठाण्यात जन्म, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, मांडवीच्या गिरणीत काही काळ स्टोअरकीपर. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेला ‘दीनबंधु’ १८८० पासून ते मुंबईतून चालवत होते. गिरणी त्यांनी आतून पाहिली होती. आयोगासमोर मालक बोलणार, अधिकारी बोलणार, डॉक्टर बोलणार. कामगारांच्या वतीने कोण बोलणार? लोखंडे यांनी २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले.

त्यात मागण्या पाचच आहेत. रविवारी पुरती सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. रविवारच्या सुट्टीची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो : १८९० मधली महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरची दहा हजारांची सभा, आणि मालकांनी त्याच वर्षी १० जूनला मान्य केलेली सुट्टी. त्या सुट्टीच्या कौतुकात पाचवी मागणी मात्र झाकली गेली. कामावर असताना गंभीर इजा होऊन कामगार काही काळ निकामी झाला, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा. आणि जन्माचा अधू झाला, तर त्याच्या निर्वाहाची योग्य तरतूद व्हावी.

१८८१ चा कायदा आणि ही मागणी शेजारी ठेवली, की फरक डोळ्यांत भरतो. कायदा कठड्यापाशी थांबतो. कठडा नव्हता म्हणून मालकाला दंड होईल, तो सरकारजमा होईल. ज्याचा हात गेला त्याच्या घरी त्यातला पैसाही जाण्याची हमी नाही. साडेपाच हजार सह्यांची माणसे त्यापुढचे विचारत होती : हात गेल्यावर घर कसे चालायचे? आणि त्यात एक व्यावहारिक शहाणपणही होते. जखमी माणसाचा पगार चालू ठेवावा लागला, तर कठडा बसवणे मालकाला आपोआप स्वस्त वाटू लागते. कारखान्यातल्या सुरक्षिततेवर आज जाडजूड ग्रंथ आहेत. त्यांतले हे मूळ सूत्र परळ-लालबागच्या कामगारांनी १८८४ मध्ये आपल्या सह्यांनिशी लिहून दिले होते.

सरकारने काय केले? १८९१ च्या दुरुस्तीने साप्ताहिक सुट्टी आणि अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आली, बायांना अकरा तासांची मर्यादा लागली, मुलांचे किमान वय नऊ झाले. पाचवी मागणी मात्र तशीच राहिली. लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगमध्ये गेले. वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन कायदा व्हायला १९२३ साल उजाडले, अंमल १ जुलै १९२४ पासून. म्हणजे निवेदनानंतर जवळपास चाळीस वर्षे. त्यातही तात्पुरत्या इजेला मिळाला तो ढोबळमानाने अर्धा पगार. स्वातंत्र्यानंतर राज्य कामगार विमा योजना आली. आज तिच्यात कामावरच्या इजेसाठी पगाराच्या नव्वद टक्के मिळतात. जो तिच्या कक्षेत नाही, त्याच्या वाट्याला अजून तो अर्धाच. लोखंडे यांनी मागितलेला ‘पूर्ण पगार’ कायद्याने सर्वांना द्यायचा अजून बाकीच आहे.

१९११, १९२२, १९३४ च्या कायद्यांची जंत्री देत नाही. १९४८ चा फॅक्टरी कायदा हा त्यांचा कळस. तपासनिसाला कारखान्यात शिरण्याचा, कागद मागण्याचा, कुणालाही प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याने स्पष्ट शब्दांत दिला. पाठोपाठ १९४९ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा ८१ क्रमांकाचा करार मान्य केला. त्याची तीन वचने महत्त्वाची. तपासनीस दिवसा-रात्री केव्हाही, पूर्वसूचना न देता आत जाऊ शकेल. कारखान्याची तपासणी गरज असेल तितक्या वेळा आणि तितकी बारकाईने होईल. आणि तक्रार कुणी केली, हे तपासनीस कुणालाही कळू देणार नाही.

या तिसऱ्या वचनात १८९२ च्या कोड्याचे उत्तर आहे. कामगार लोखंडे यांच्याकडे जायचा, कारण तिथे बोललेले जॉबरच्या, म्हणजे भरती करणाऱ्या मुकादमाच्या, कानावर जाण्याची भीती नव्हती. तपासनीस यायचा मॅनेजरच्या दाराने, फिरायचा मॅनेजरसोबत आणि जायचाही त्याच दाराने. अशा फेरीत कठडा दिसतो, पण तो पाळीभर काढून ठेवलेला असतो हे कळत नाही. ते कळते फक्त त्या साच्यावर उभ्या असणाऱ्याला, आणि तो बोलला तर उद्या त्याची जागा बदलीवाल्याला मिळते.

लोखंडे यांच्या निवेदनाला शंभर वर्षे झाली, त्याच साली, १९८४ च्या डिसेंबरात भोपाळच्या कारखान्यातली वायुदुर्घटना घडली. १९८१ मध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एक कामगार दगावला होता. १९८२ मध्ये पत्रकार राजकुमार केसवानी यांनी शहराला वारंवार सावध केले. आतल्या माणसांना धोका ठाऊक होता. तो ऐकून कारखाना थांबवला जाईल असा मार्ग नव्हता. १९८७ च्या दुरुस्तीत हा धडा उतरला. जिवाला तातडीचा धोका वाटला तर कामगाराने व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी तपासनिसाला कळवावे, असा हक्क कलम ४१-एच ने दिला. सुरक्षा समितीत कामगारांना बरोबरीचे स्थान मिळाले. आणि कलम ११८-ए ने तपासनिसाला बजावले, की तपासणी तक्रारीवरून होत आहे हे मालकाला सांगायचे नाही. १९८७ ची सारी दुरुस्ती बाजूला ठेवून हे एवढे कलम वाचवायचे म्हटले, तरी मी ते वाचवीन.

त्यानंतरचा वारा उलटा वाहिला. ‘इन्स्पेक्टर राज’ ही शिवी झाली. तपासनिसांतला भ्रष्टाचार खोटा नव्हता; छोट्या उद्योजकांचा जाच खरा होता. पण उपाय म्हणून तपासनीस सुधारण्याऐवजी तपासणीच आटवली गेली. स्वयंप्रमाणन आले, म्हणजे मालकाने स्वतःच लिहून द्यायचे की सारे ठीक आहे. तपासनिसाने कुठे जायचे ते संगणक ठरवू लागला. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेने यांत्रिक शक्तीच्या कारखान्यासाठी कामगारसंख्येची अट दहावरून वीसवर नेली. यादृच्छिक निवडीत लाच कमी होत असेल. पण कामगाराने हळूच सांगितले म्हणून आजच जावे, ही सोय त्यात कुठे बसते? डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला आणि २३ मे २०२४ ला पुन्हा झाला. दोन्ही वेळा हळहळ झाली, चौकश्या झाल्या. त्या कारखान्यांत रोज पाळी भरणाऱ्यांना आधी कुणी, केव्हा, कुणाच्या गैरहजेरीत विचारले होते, हा प्रश्न मात्र चर्चेत आला नाही.

माझे मागणे मोठे नाही. प्रत्येक तपासणीत कामगारांशी, आणि त्यांतही कंत्राटी कामगारांशी, व्यवस्थापनाच्या माघारी बोलणे सक्तीचे व्हावे, आणि ते झाले की नाही याची नोंद अहवालात असावी. तक्रारीचा क्रमांक आणि ‘नाव गुप्त राहील’ ही हमी गेटवर मराठी-हिंदीत ठळक लावावी. तपासणीचे अहवाल आणि अपघातांच्या चौकश्या ठरल्या मुदतीत लोकांसमोर याव्यात, कारण कारखान्याच्या भिंतीपलीकडे आपलीच घरे आहेत. तपासनिसांच्या रिकाम्या जागा भराव्यात. यातल्या एकाही गोष्टीला नवा शोध लागत नाही. १९४९ मध्ये दिलेला शब्द पाळायची तयारी लागते.