‘बसत नाही’ म्हणण्यापूर्वी

शाळा उघडायच्या आधीचे आठ दिवस आमच्या घरी कुणी माझ्या वाटेला जात नसे. बेळगावातल्या एका मराठी हायस्कुलात मी गणित शिकवत असे आणि सतरा वर्षं शाळेचं वेळापत्रक मांडायचं काम माझ्याकडे होतं. स्वयंपाकघरात फरशीवर मोठा पुठ्ठा पसरायचा, शिक्षकांच्या नावांच्या रंगीत चिठ्ठ्या कापायच्या आणि एकेक चौकट भरत जायची. नियम साधेच. एका तासाला एक शिक्षक एकाच वर्गावर. मैदान एकच, म्हणून पीटीला एका वेळी एकच वर्ग. पण शेवटच्या चार चिठ्ठ्या कधी सरळ बसल्या नाहीत. एक बसवली की दुसरी उठायची.

1994 साली कन्नडच्या बाई माझ्याकडे आल्या. बाळ पाच महिन्यांचं, घर दहा मिनिटांवर. “बाई, मधल्या सुट्टीआधीचा तास रोज मोकळा मिळाला तर घरी जाऊन बाळाला पाजून येईन,” एवढंच मागणं. मी दोन रात्री जागले आणि सांगितलं, “नाही हो, बसतच नाही.” गणिताच्या बाईंनीच सांगितलं म्हटल्यावर पुढे कोण बोलणार? त्यांनी दिवाळीपर्यंत ओढलं आणि नोकरी सोडली.

गेल्या मे महिन्यात घराला रंग काढला, तेव्हा माळ्यावर त्या पुठ्ठ्यांची गुंडाळी सापडली. पुतण्या कॉम्प्युटर इंजिनिअर. तो म्हणाला, “काकू, हा तर आमच्या शास्त्रातला नामांकित अवघड प्रश्न!” मला वाटलं, थट्टा करतोय. मग आकडेमोड केली. एका वर्गाचे आठ तास, आठ वेगळे विषय; एका दिवसाची मांडणी 40,320 प्रकारे होते. दोन वर्ग घेतले की आकडा 162 कोटींच्या वर. आमचे वर्ग होते बारा! गावोगाव फिरणाऱ्या विक्रेत्याचं उदाहरणही त्याने दिलं. सेकंदाला शंभर कोटी क्रम तपासणारा संगणक 15 गावांचे सगळे क्रम साधारण 22 मिनिटांत तपासेल. गावं 20 केली, तर त्यालाच 77 वर्षं लागतील.

गंमत अशी, की वेळापत्रक बसवणं अवघड, पण बसवलेलं तपासणं सोपं. भरलेला तक्ता हातात दिला तर कुणीही तासाभरात चूक शोधून देईल. या जातीच्या प्रश्नांचा पाया 1971 साली स्टीफन कुक यांनी आणि स्वतंत्रपणे रशियात लिओनिद लेविन यांनी घातला. 1972 साली रिचर्ड कार्प यांनी वेगवेगळ्या विषयांतले 21 प्रश्न घेऊन दाखवलं, की एकाची झटपट रीत सापडली तर सगळेच सुटतील. पुढे त्या यादीत शाळेचं वेळापत्रक आलं. 1982 मध्ये पदार्थविज्ञानातला एक प्रश्नही याच कुळातला ठरला. काही मिश्रधातूंत अणूंची चुंबकीय ओढाताण अशी असते, की सगळ्यांचं समाधान एकदम होत नाही. त्यातल्या त्यात उत्तम मांडणी शोधणं तितकंच अवघड. अशी झटपट रीत आहे की नाही, याच्या सिद्धतेला क्ले गणित संस्थेने 2000 साली दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. ते अजून कुणाला मिळालेलं नाही.

“मग शाळा चालतात कशा?” मी विचारलं. पुतण्याने आपल्या वडिलांकडे बोट दाखवलं. आमचे भाऊजी जन्मभर उद्यमबागेतल्या फौंड्रीत भट्टीवर होते. ते म्हणाले, “वहिनी, तापलेलं कास्टिंग घाईने निववलं तर आत ताण राहतो, कधी तडकतं. भट्टीतच ठेवून हळूहळू निवू द्यायचं.” उष्णतेत अणू हलतात, सावकाश निवताना आपापली नीट जागा धरतात. हे हलणं गणितात आणायची रीत 1953 साली अमेरिकेत लॉस अलामॉसच्या पाच जणांनी दिली. त्यांत दोन महिला होत्या आणि संगणकाचा प्रोग्रॅम त्यांतल्याच अरियाना रोझेनब्लूथ यांनी लिहिला. त्यावरून 1983 साली आयबीएममधल्या तिघांनी भट्टीची युक्ती अशा अवघड प्रश्नांना लावली. कशीही मांडणी घ्या, दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करा. सुधारलं तर ठेवा. बिघडलं, तरी कधीकधी ठेवा. सुरुवातीला बऱ्याचदा, मग कमी कमी, शेवटी मुळीच नाही.

माझी चूक तिथंच होती. मी बिघडलेली मांडणी एकदाही ठेवली नव्हती. थोडं मागे यायची तयारी नाही, म्हणून त्याच कोपऱ्यात दोन रात्री फिरत राहिले.

पुतण्याने 1994 चा तक्ता लॅपटॉपवर चढवला. संध्याकाळचा चहा व्हायच्या आत उत्तर आलं. कन्नडच्या बाईंचा तो तास सोमवार ते शुक्रवार मोकळा! मी पेन्सिल घेऊन एकेक चौकट तपासली. चूक नव्हती.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते. ‘बसतं’ म्हणणाऱ्याला तक्ता दाखवता येतो. ‘बसत नाही’ म्हणणाऱ्याने काय दाखवायचं? पुतण्याच्या या युक्तीलाही उत्तर सापडलं नाही, तर ते नाहीच असं सिद्ध होत नाही. माझ्या नकारामागे तर फक्त दोन रात्रींचं जागरण होतं.

त्या बाई आता मुलाकडे हुबळीला असतात. फोन करून सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बाई, माझ्यासाठी तुम्ही दोन रात्री जागला होता, हे मला कुठं माहीत होतं?” मला पुढे काही बोलता आलं नाही.

वाचकहो, जूनमध्ये कुठल्यातरी शाळेत पुन्हा कुणी पुठ्ठा पसरून बसेल. त्यांनी ‘बसत नाही’ म्हणू नये. ‘मला अजून बसवता आलं नाही’ म्हणावं, आणि एखादी बसलेली चिठ्ठी उचलून पाहावी.