हृदयविकार समजून घेताना (लेखांक ६) : चाचणी पुरुषांवर, गोळी सगळ्यांना

अ‍ॅस्पिरिन रक्ताची गुठळी कशी रोखते, हे मागच्या लेखांकात पाहिलं. ती कोणी घ्यावी, हा प्रश्न बाकी होता. अमेरिकेतल्या 'फिजिशियन्स हेल्थ स्टडी'त २२,०७१ डॉक्टरांनी भाग घेतला. सगळे पुरुष, सगळे धडधाकट. दिवसाआड अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये पहिल्या हार्ट अ‍ॅटॅकचं प्रमाण ४४ टक्क्यांनी घटलं, असा अंतिम निष्कर्ष १९८९ साली छापून आला. बायकांवरच्या तशा चाचणीचा निकाल लागायला २००५ उजाडलं. जवळजवळ ४०,००० स्त्रिया, दहा वर्षं. पक्षाघात १७ टक्क्यांनी कमी झाले. हार्ट अ‍ॅटॅक मात्र एकूणात कमी झाले नाहीत. पासष्टीपुढच्या बायकांना तेवढा फायदा दिसला. डोस वेगळा होता, त्यामुळे हे आकडे शेजारी ठेवताना जपायला हवं. (ज्यांना अ‍ॅटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट बसवलाय, त्यांनी हे वाचून आपली गोळी बंद करू नये. हा हिशेब निरोगी माणसांचा आहे.)

याहून अजब हकिगत इस्ट्रोजेनची. पाळी सुरू असेपर्यंत बायकांना हार्ट अ‍ॅटॅक कमी येतात, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं आणि त्याचं श्रेय या संप्रेरकाला दिलं जात होतं. मग परीक्षा कोणावर घेतली? १९६० च्या दशकात सुरू झालेल्या 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट'मध्ये ते दिलं गेलं अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या पुरुषांना! फायदा राहिला बाजूला, अपाय दिसू लागला म्हणून ते थांबवावं लागलं. हृदयरोग असलेल्या बायकांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली ती १९९८ साली, आणि १६,६०८ स्त्रियांवरची 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'ची २००२ मध्ये. दोन्हींत हृदयाला संरक्षण मिळालं नाही. तोवर लाखो स्त्रियांनी पाळी गेल्यावर या गोळ्या घेतल्या होत्या.

बायकांना उशिरा अ‍ॅटॅक येतो, हे खरंच आहे. ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात (२००४) हा फरक सुमारे नऊ वर्षांचा निघाला. पण मधुमेह झाला की ही सवलत बरीचशी हातची जाते. मधुमेहामुळे पुरुषाचा धोका जितक्या पटीनं वाढतो, त्याहून बाईचा सुमारे ४४ टक्के जास्त वाढतो. सिगारेटच्या बाबतीत हा जादा भार साधारण २५ टक्के. आपल्याकडे बायका सिगारेट ओढत नाहीत, म्हणून हा मुद्दा सोडून द्यायची घाई नको. खेड्यापाड्यांत दाताला लावली जाणारी मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. 'काही व्यसन?' असं डॉक्टरांनी विचारलं की मिश्री लावणारी आजी 'नाही' म्हणते, आणि तिच्या लेखी ती खोटं बोलत नसते.

दुसरा राहून जाणारा प्रश्न बाळंतपणाचा. गरोदरपणात प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे ब्लडप्रेशर वाढण्याचा तो विशिष्ट आजार, झालेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. गरोदरपणी साखर वाढून नंतर उतरली असेल किंवा पाळी चाळिशीच्या आत गेली असेल, तर तेही सांगायला हवं. पन्नाशीतल्या बाईच्या ईसीजीच्या वेळी पंचवीस वर्षांपूर्वीची बाळंतपणाची फाइल कोण काढतं? काढायला हवी.

आता लक्षणांविषयी. 'बायकांना छातीत दुखतच नाही' असा एक समज मोबाइलवरून फिरत असतो. तो चुकीचा तर आहेच, घातकही आहे. एडिंबरामधल्या एका अभ्यासात (२०१९) अ‍ॅटॅकचं निदान झालेल्या नव्वद टक्क्यांहून अधिक बायकांना छातीतच त्रास होता, पुरुषांइतकाच. मळमळ, धडधड, जबड्यात किंवा पाठीत कळ ही लक्षणं त्यांच्यात जोडीला अधिक असतात, इतकंच. माझ्या मते खरी गफलत ऐकणाऱ्यांकडून होते. घरातला पुरुष छाती धरून बसला की लगेच गाडी काढतात. बाईला 'पित्त झालं असेल' म्हणत आधी सोडा मिळतो. आणि ती स्वतःही अंगावर काढते.

दवाखान्यातही फार वेगळं घडत नव्हतं. १९९१ साली बर्नाडिन हिली या हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी, अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या पहिल्या स्त्री संचालकांनी, एका वैद्यकीय नियतकालिकात संपादकीय लिहून याला 'येंटल सिंड्रोम' म्हटलं. शिकायला मिळावं म्हणून मुलाचा वेष घेणारी येंटल ही आयझॅक बाशेविस सिंगर यांच्या कथेतली मुलगी. आपला आजार पुरुषासारखाच आहे हे सिद्ध झाल्यावरच बाईला पुरुषासारखे उपचार मिळतात, असं हिलींचं म्हणणं.

अडचण अशी की आजार कधीकधी खरोखरच वेगळा असतो. अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या दिसतात आणि दोष त्या चित्रात न उमटणाऱ्या बारीक वाहिन्यांत असतो. हे बायकांत जास्त आढळतं. काहींच्या रक्तवाहिनीचा पदर आपोआप फाटतो. असे रुग्ण बहुतांशी स्त्रियाच, आणि पुष्कळदा वयानं तरुण. तिथे घाईनं स्टेंट घालायला गेलं तर चीर वाढू शकते. रुग्ण स्थिर असेल तर बहुधा थांबून लक्ष ठेवतात, कारण बऱ्याच जणींची चीर आपणहून भरून येते.

राहिली रक्ततपासणी. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन वाढतं. निरोगी बाईत ते मुळातच कमी असतं, म्हणून एका संवेदनशील तपासणीत पुरुषांसाठी ३४ आणि बायकांसाठी १६ नॅनोग्रॅम प्रतिलिटर अशा वेगळ्या मर्यादा ठरल्या. स्कॉटलंडमधल्या १० रुग्णालयांत ४८,००० हून अधिक रुग्णांवर त्या वापरून पाहिल्या. आधी निसटणाऱ्या कितीतरी बायका आता सापडल्या. पुरुषांत तशी भर फारशी पडली नाही. पण निदान झाल्यावरही त्या बायकांना मिळालेले उपचार पुरुषांच्या जवळपास निम्मेच होते, आणि वर्षभरानंतरच्या आकड्यांत काही सुधारणा दिसली नाही.