पुरुष पडद्यात गेले तेव्हा

थॉमस मोरने १५१६ मध्ये ‘युटोपिया’ नावाचं आदर्श बेट रंगवलं. तिथे खाजगी मालमत्ता नाही, कामाचे तास सहाच. पण सामूहिक भोजनगृहातली घाणेरडी, कष्टाची कामं गुलामांकडे आणि स्वयंपाक मात्र बायकांकडे. चूल कोणाच्या वाट्याला, या प्रश्नापाशी कुठलाही आदर्श समाज खरा तपासला जातो, असं मला वाटतं.

बंगालमधल्या रोकेया सखावत हुसेन यांनी तो नेमका तिथेच तपासला. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. कडक पडद्यात वाढल्या, बहिणीकडून बांगला आणि भावाकडून इंग्रजी शिकल्या. १९०५ मध्ये मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये त्यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा छापून आली. त्याआधी, दौऱ्यावरून परतलेल्या नवऱ्याने ती उभ्याउभ्याच वाचून काढली आणि हा तर भयंकर सूड आहे, असं ते उद्गारले.

कथेतल्या स्त्रीराज्यात पुरुष मर्दान्यात, म्हणजे पुरुषांसाठीच्या जनान्यात, बंद आहेत. मुलं सांभाळणं, रांधणं त्यांच्याकडे. स्वयंपाकघरात ना कोळसा, ना धूर. अन्न सूर्याच्या उष्णतेवर शिजतं. एका महिला विद्यापीठाने ढगांतून पाणी खेचणारा फुगा बनवलाय, दुसऱ्याने ऊन साठवायचं तंत्र शोधलंय. पूर्वी, पुरुष अजून बाहेर असताना, शत्रू चालून आला, पुरुषांचं सैन्य हरलं, तेव्हा याच साठवलेल्या उन्हाचा झोत सोडून विद्यार्थिनींनी शत्रूला पळवून लावलं. एकविसाव्या वर्षाआधी लग्नाला बंदी आहे. कचेरीचं काम बायका दोन तासांत उरकतात, कारण त्या चिरूट ओढत बसत नाहीत.

यात अन्याय आहेच: निम्मी माणसं कोंडलेली आहेत. पण पुरुषांना कोंडण्यासाठी रोकेयांना कुठलाही नवा छळ कल्पावा लागला नाही. जनान्याची भिंत आयती होती. त्यांनी आतली माणसं फक्त बदलली. म्हणून बाईला जे स्वप्न वाटेल तेच पुरुषाला दुःस्वप्न वाटतं, आणि ही दुहेरी धार मला ऑर्वेलच्या ‘१९८४’ या दुःस्वप्नी कादंबरीतही सापडत नाही.

कथेबाहेर, पती गेल्यावर रोकेयांनी मुलींची शाळा काढली. १९११ मध्ये ती कलकत्त्यात आठ मुलींनिशी पुन्हा सुरू केली. शाळेची गाडी पडद्यासाठी इतकी बंदिस्त केली होती, की आत मुली गुदमरून बेशुद्ध पडत. झरोके ठेवून त्यांवर पडदे लावले, तर वाऱ्याने ते उडतात आणि मुली बेपर्दा होतात, अशी तक्रारीची पत्रं आली. रोकेयांनी हे सगळं ‘अवरोधबासिनी’ या पुस्तकात लिहून ठेवलं, आणि १९३२ मध्ये मृत्यू येईपर्यंत शाळा चालवली.