शाई, कागद आणि वाचणारा

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्याव्यात, असे चिटणीससाहेबांनी सांगितले, तेव्हा दौत शोधण्यासाठी मी मेजाचा खण उघडला. दौतीबरोबर दोन कागद हाती लागले, आणि लिहावयाचा विषयही तेथेच मिळाला.

पहिला कागद म्हणजे, मी बी.एड्.साठी परगावी असताना वडिलांनी फाउंटन पेनने लिहिलेले पत्र. प्रेमापोटी ते मी कित्येक वर्षे मेजाच्या काचेखाली ठेवले होते. आज त्यातील निळी अक्षरे जवळजवळ उडून गेली आहेत. दुसरा कागद पणजोबांच्या वेळचा, बोरूने लिहिलेला मोडी कागद. त्याची शाई काल वाळल्यासारखी काळीभोर आहे. मात्र घरात तो कोणालाच वाचता येत नव्हता.

असे का व्हावे? जुनी काळी शाई काजळी आणि डिंक यांची. काजळी म्हणजे कोळसाच. उन्हाने तिचा रंग उडत नाही. पाण्याने मात्र ती पुसली जाते. ही शाई फाउंटन पेनात चालत नाही. पेनाच्या निबेला बारीक चीर असते. त्या चिरेतून शाई केशाकर्षणाने कागदावर उतरते, आणि जेवढी शाई उतरते तेवढी हवा निबेखालच्या खाचेतून आत जाते. न्यूयॉर्कच्या वॉटरमनने १८८४ साली पेटंट घेतले, ते शाई आणि हवा यांचा हा मेळ साधण्यासाठीच. या बारीक वाटांत काजळी आणि डिंक वाळून बसले की पेन तुंबते. म्हणून पेनासाठी पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रंगाची शाई आली. ती वाहते छान. पण साधी धुऊन निघणारी निळी शाई प्रकाशात फिकी पडते. वडिलांच्या पत्राचा घात मीच उजेडात ठेवून केला!

हिरडा आणि हिराकस यांची शाई तिसऱ्या प्रकारची. तिच्यातील लोह हवेने काळे पडते आणि कागदात मुरते. जुन्या निळ्या-काळ्या पेनशाईचे मर्म हेच. आज त्या नावाच्या प्रत्येक बाटलीत लोह असतेच असे नाही, म्हणून परीक्षा करून घ्यावी. एका कागदावर चार ओळी लिहाव्यात, कागद मधोमध कापावा, अर्धा महिनाभर खिडकीत आणि अर्धा वहीत ठेवावा. मग दोन्ही शेजारी धरून पाहावेत.

आता मोडी कागदाविषयी. तो घराचा दस्तऐवज असावा, असे आम्ही समजत होतो. एका वयोवृद्ध जाणकारांनी तो वाचून दाखविला, तेव्हा कळले की ती पावती होती. पणजोबा शेजाऱ्याला जामीन राहिले होते, आणि त्याचे कर्ज त्यांनी स्वतः फेडले होते. ही गोष्ट आमच्या घरात कोणीच कधी बोलले नव्हते. कागद शाबूत होता, अक्षर शाबूत होते. वाचणारा तेवढा नव्हता.

आपल्या बडोद्याला हे नवे नाही. महाराज सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पुढे १९१० साली अमेरिकेहून बोर्डनसाहेबांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसविली, आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी जाऊ लागली. आधी वाचणारा, मग पुस्तक, हा क्रम विचार करण्याजोगा आहे. त्याच संस्थानच्या मोडी दप्तरापुढे आज आपण निरक्षर आहोत.

म्हणून ट्रस्टच्या बंधुभगिनींना माझी विनंती एवढीच. घरातील जुने कागद उन्हापासून आणि ओलीपासून जपा. फाटले तरी चिकटपट्टी लावू नका. सभेचे इतिवृत्त टिकाऊ शाईने लिहा. आणि प्रत्येक घरातील निदान एका मुलाला मोडी शिकवा. शाई काय, बाजारात मिळते. वाचणारा घरातच घडवावा लागतो.